जुन्या फोनचं ब्लूटूथ रूपांतर: सात महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या डायलच्या लँडलाइन फोनमध्ये ब्लूटूथ मॉड्यूल (छोटं तयार सर्किट) बसवलं, की मोबाइलचे कॉल त्याच्या रिसीव्हरवर घेता येतात. रोजच्या वापराला हा फोन उत्तम आहे. ब्लूटूथ जोडणं अर्ध्या दिवसाचं काम. खरा वेळ गेला तो माइक, रिसीव्हरची वायर आणि हुक (रिसीव्हर ठेवला की दबणारा स्विच) यांच्यावर.

मूळ कार्बन माइक ठेवायचा मोह होतो, पण त्याला दहा-वीस मिलिअँपिअर तरी प्रवाह लागतो. मॉड्यूल माइकला जो वीजपुरवठा देतं (माइक बायस), त्यातून तेवढा मिळत नाही, आणि कार्बनचे कण घट्ट बसले की आवाज खरखरतो. तो काढून त्याच्याच डबीत १० मिलिमीटरचा इलेक्ट्रेट माइक (कमी प्रवाहावर चालणारा छोटा माइक) बसवावा: बायसला २.२ किलोओहमचा रेझिस्टर, सिग्नलला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. माइकच्या धातूच्या कवचाला जोडलेलं टोक निगेटिव्ह.

जुन्या गुंडाळीच्या वायरीत अनेकदा तीनच तारा असतात, त्यातली एक माइक आणि स्पीकर दोघांना सामाईक. सीएसआर८६४५ सारख्या ब्लूटूथ मॉड्यूलचं स्पीकर आउटपुट डिफरन्शियल असतं, म्हणजे दोन्ही टोकांवर सिग्नल असतो. त्याचं एक टोक ग्राउंडला (माइकच्या निगेटिव्हला) लागलं की आवाज फाटतो, मॉड्यूलही जाऊ शकतं. म्हणून चार तारांचीच वायर घ्यावी. तीही जुनीच असेल तर कापायचा विचारही नको: आतली तार म्हणजे दोऱ्यावर गुंडाळलेली तांब्याची पातळ पट्टी, तिच्यावर सोल्डर नीट धरत नाही. टोकाचे मूळ लग (जोडणीच्या धातूच्या पट्ट्या) जपा.

रिसीव्हर उचलला की हुकचा स्विच उघडाच राहतो किंवा मिटलेलाच, मॉड्यूलला मात्र बटण दाबून सोडल्यासारखा पल्स (क्षणभराचा संकेत) हवा. एटीटायनी८५ या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर हुकच्या प्रत्येक बदलाला २०० मिलिसेकंदांचा एकच पल्स द्यावा, आधी ५० मिलिसेकंदांचा डिबाउन्स (स्विचची थरथर थांबेपर्यंत वाट पाहणं). डिबाउन्स विसरलात तर दोनदा दाबल्याचा अर्थ लागतो, आणि बऱ्याच मॉड्यूलमध्ये त्याचा अर्थ शेवटचा नंबर पुन्हा लावणे! मोबाइलवरून कॉल बंद केला आणि मग रिसीव्हर ठेवला, तर तो पल्सही फुकट जातो आणि कधी भलतंच घडवतो. कॉल चालू असल्याचा संकेत मॉड्यूलकडून घेतल्याशिवाय ही तक्रार जात नाही.

सुरुवातीला पलीकडच्या माणसाला स्वतःचाच आवाज ऐकू यायचा. कारण साधं होतं: रिसीव्हरच्या पोकळ दांड्यातून स्पीकरचा आवाज माइकपर्यंत. दांड्यात फोम ठासून भरला, प्रतिध्वनी गेला.

वीज देते १८६५० आकाराची लिथियम सेल, ती भरायला टीपी४०५६ चिपचा चार्जर बोर्ड. बोर्डवरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर बदलून २ किलोओहम लावला, की चार्जिंग प्रवाह १ अँपिअरवरून सुमारे ५८० मिलिअँपिअर होतो आणि बोर्ड तापत नाही. रोज अर्धा तास बोलून दोन आठवडे निघतात. चार्जिंग चालू असताना बोललात तर स्वस्त अडॅप्टरची गुणगुण माइकमध्ये येते.

घंटा सोडून दिली. तिला ७५ ते ९० व्होल्ट, २० ते २५ हर्ट्झचा एसी लागतो. छोटा बझर पुरतो, जरी मजा नाही. डायलही शोभेचाच, कारण तो फिरवल्यावर येणारे सेकंदाला १० पल्स मोजणं सोपं असलं, तरी नंबर लावायला मायक्रोकंट्रोलरकडून सिरियल कमांड (तारेवरून अक्षरांत आज्ञा) घेणारं मॉड्यूल हवं.

फोनच्या बॅकेलाइटच्या (जुन्या कडक प्लास्टिकच्या) कवचाला भोक पाडू नका, तडा जातो. चार्जिंगची वायर मूळ लाइनच्या भोकातूनच आत न्या. तळाची लोखंडी पत्री रेंज अडवते, त्यामुळे मॉड्यूलचा अँटेना वरच्या बाजूला हवा.