पॉयसन की ऋण द्विपद: वहाळातल्या मोजणीसाठी कोणते प्रतिमान?

कोकणातल्या वहाळात आफ्रिकन मांगूर हा शिकारी मासा शिरल्यावर (त्याच्या पालनावर भारतात २००० पासून बंदी आहे, तरी तो सापडतोच) बारीक मासळी किती घटली, हे ठरवायला पॉयसन प्रतिमान (मोजणीच्या आकड्यांसाठीचे साधे संख्याशास्त्रीय सूत्र) सोपे पडते. पण ते सरासरी आणि विचरण (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) समान धरते. मासळी तर थव्याने राहते: पागाच्या एका फेकीत ४० पिल्ले येतात, पुढच्या दोन रिकाम्या जातात. अशा आकड्यांवर पॉयसन प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) उगाच लहान दाखवते आणि निव्वळ योगायोगही मांगुराचा प्रताप ठरतो. ऋण द्विपद प्रतिमान एका जादा प्राचलाच्या (आकड्यांवरून ठरवायच्या संख्येच्या) बदल्यात हा विखुरलेपणा सामावून घेते, म्हणून माझी पसंती त्यालाच आहे. मात्र आषाढातल्या पुराने वाहून गेलेली मासळी मांगुराच्या खात्यावर पडू नये, यासाठी मांगूर न पोचलेल्या शेजारच्या वहाळाची मोजणी दोन्हींना लागतेच.