घरपोच गाडीच्या पासापायी गेलेले १२,०९९ रुपये

कोल्हापुरात राजारामपुरीत, मंगळवार पेठेत ते पिवळं पत्रक अजून वाटतायत, म्हणून आम्ही कसे फसलो ते लाज सोडून लिहितोय. ‘ज्येष्ठांना घरातून दवाखान्यात ने-आण, ७५ वर्षांवरील मोफत, फक्त नोंदणी.’ एसटीत पंच्याहत्तरीनंतर खरंच तिकीट लागत नाही, त्यामुळं हेही सरकारीच वाटतं. पण आमच्याकडं एसटीनं कधी नोंदणीचे पैसे मागितले नव्हते. आधार दाखवलं, बसलो.

आम्ही भरले ते असे: नोंदणी ३००, मदतनिसाचा वर्षाचा पास ४,८००, व्हीलचेअरची अनामत २,०००. आईच्या सीपीआर रुग्णालयाच्या दोन फेऱ्या अगदी वेळेवर. तिसऱ्या वेळेपासून फोन बंद.

चीड येते ती पहिल्याच दिवसाची. व्हॅन दारात उभी आणि नंबरची पाटी पांढरी! सीएनजीच्या भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी, काळी अक्षरं, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही कळतं. रॅम्प नाही. ड्रायव्हरनं खुर्ची घडी करून मागं टाकली, आईला काखेत धरून उचललं आणि आम्ही म्हणालो, ‘किती गुणाचं पोरगं!’ पावतीपुस्तक दुकानात मिळतं तसलं, वर नुसता रबरी शिक्का. क्यूआर स्कॅन केल्यावर सेवेचं नाव नाही, कुणा बाईचं आलं. तेही वाचलं. हिशेब बघत असेल, म्हटलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला केएमटी बसची पायरी चढवत नाही, रिक्षा बोळात येत नाही. गरजवंताला अक्कल नसते.

फोन बंद झाल्यावर आठ दिवसांनी दुसऱ्याच नंबरवरून, ‘काका, अनामत परत देतो, कोड स्कॅन करा.’ पिन टाकला, ४,९९९ गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही.

बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात आधी हद्दीचा वाद, पैसे घरात गेले की दवाखान्याच्या दारात? मग सायबर पोलिसांकडं. तिथं तीन प्रती झेरॉक्स, आणि पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेले. परिवहन कचेरीत ‘ही आमची योजना न्हवं’, संपलं. वर पास आईच्या नावावर म्हणून सहीला तिलाच समक्ष आणा, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. अहो, तिला चालता येत नाही म्हणूनच तर गाडी लावली होती!

असं झालंच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला पहिल्या तासात फोन करा, १२ आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. आम्ही लाजेपायी तिसऱ्या दिवशी केला, तोवर रक्कम पुढच्या खात्यांत पांगलेली. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की ‘मोटर कार’ म्हणजे खासगी, ‘मोटर कॅब’ म्हणजे भाड्याची, एवढं दारात उभं राहूनच कळतं. वर्षाचे पैसे एकरकमी देऊ नका, फेरीगणिक द्या.