सूंटो एमसी-२: आरशापेक्षा दिक्पाताचा स्क्रू महत्त्वाचा

या होकायंत्राचं कौतुक बहुतेक वेळा त्याच्या आरशासाठी होतं. आरसा चांगलाच आहे: लांबचं लक्ष्य खाचेत धरून त्याच नजरेत सुईही दिसते. पण घ्यावं ते मागच्या बाजूच्या छोट्या पितळी रंगाच्या स्क्रूसाठी.

सुई दाखवते चुंबकीय उत्तर. नकाशावरची रेखावृत्तं जातात भौगोलिक ध्रुवाकडे, म्हणजे पृथ्वीच्या आसाच्या टोकाकडे. दोन्हींमधला कोन म्हणजे दिक्पात. दिक्पात १० अंश असेल आणि तो धरलाच नाही, तर पाच किलोमीटर चालल्यावर तुम्ही जवळपास ८७० मीटर बाजूला पोचता.

दोरीला अडकवलेल्या चावीने तो स्क्रू फिरवायचा, सुई असलेल्या गोल डबीच्या आतल्या मापावर दिक्पाताचे पूर्व किंवा पश्चिम अंश लावायचे, झालं. पुढे वाचाल तो कोन थेट नकाशाचाच. चूक होते ती इथेच: स्क्रू लावलेला असताना सवयीने दिक्पाताची पुन्हा बेरीज-वजाबाकी केली जाते.

अंश मात्र ताजे घ्या. १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉसला उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडाच्या बूथिया द्वीपकल्पावर सापडला. आता तो सायबेरियाच्या दिशेने बराच सरकलाय, अलीकडे वर्षाला साधारण ३५ किलोमीटर वेगाने. त्यामुळे दिक्पातही बदलतो, म्हणून जागतिक चुंबकीय प्रारूप, म्हणजे ठिकठिकाणचा दिक्पात ज्यावरून काढतात ते गणिती प्रारूप, दर पाच वर्षांनी नव्याने काढतात. जुन्या नकाशाच्या समासातला आकडा तसाच लावू नका, तिथे दिलेला वार्षिक बदल त्यात धरा.

दोन्ही गोलार्धांत फिरणार असाल तर जागतिक सुईचं 'जी' मॉडेलच घ्या. चुंबकीय रेषा ध्रुवांकडे जाताना जमिनीत झुकतात. उत्तर गोलार्धासाठी तोललेली सुई दक्षिणेत एका टोकाने खाली जाऊन डबीच्या तळाला घासते आणि अडकते. जागतिक सुई यंत्र थोडं तिरकं धरलं तरी मोकळी फिरते.

चुंबकाचं झाकण असलेल्या फोनच्या कव्हरसोबत हे एका खिशात ठेवू नका. सुईचं चुंबकत्व उलटू शकतं, मग लाल टोक चक्क दक्षिण दाखवतं. रात्री ध्रुवताऱ्याशी ताडून पाहिलं की लगेच कळतं. थंडीत डबीतल्या द्रवात दिसणारा बारीक बुडबुडा ऊब मिळताच जातो; तो गेलाच नाही आणि मोठा होत राहिला, तर डबी गळतेय.

चुंबकीय ध्रुवाच्या जवळ मात्र 'जी' सुद्धा उपयोगी नाही. तिथे क्षेत्र जवळजवळ उभं असतं, सुईला आडवं फिरवणारा जोर उरत नाही. तिथे उपग्रहावर चालणारं यंत्र किंवा सूर्यच हवा.