व्ही-स्ट्रॉम एसएक्स: रोज लातूर-औसा, सुट्टीला रत्नागिरी

सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स ही बाईक घेऊन वर्ष उलटून गेलं, मीटर पंधरा हजाराच्या पुढं गेलंय, तर म्हणलं आता लिहायला हरकत नाही. शोरूममधून आणल्या आणल्या लिहिलेल्या रिव्ह्यूला काही अर्थ नसतो, तेव्हा सगळंच भारी वाटतं.

माझा वापर असा: रोज लातूर-औसा जाऊन येऊन चाळीसेक किलोमीटर, मधूनमधून गावाकडं (शेवटचा तुकडा पूर्ण शेतरस्ता), आणि सुट्ट्या जोडून आल्या की लांब कुठंतरी. आमचा औशाचा रस्ता म्हणजे तोच रत्नागिरी-नागपूर हायवे, त्यामुळं ऑफिसकडं न वळता सरळ गेलं की तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट करत थेट समुद्रच. हा मोह फार वाईट आहे, सांगून ठेवतो.

इंजिन 249 सीसी, ताकद 26.5 पीएस, वजन 167 किलो. हे आकडे ऐकून मित्र लोक म्हणले कामून घेतलीस, एवढ्या पैशात चारशे सीसी आली असती. आली असती की! पण चारशे सीसी पळवायची कुठं? समृद्धीवर टू-व्हीलरला बंदी, जालन्याकडं गेलं की तो रस्ता नुसता बघायचा. बाकी ठिकाणी चौपदरी असला तरी गावागावाला कट, मधूनच म्हैस, उलट्या बाजूनं येणारे पाहुणे. ऐंशी-नव्वदनं जायचं आणि तेवढ्यात ही गाडी एकदम मजेत असते, शंभरच्या वर ओव्हरटेक करायला एक गिअर पाडावा लागतो हे मान्य. त्यातून पाठीमागं कुणी बसलेलं आणि सामान असेल तर जास्तच जाणवतं. ज्याला ओढ पाहिजे त्यानं ही घेऊच नये.

मला जे पाहिजे होतं ते पुढचं 19 इंची चाक आणि 205 मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटापासून जमिनीपर्यंतचं अंतर. नुसता खड्डा कुणालाही दिसतो, पण दोन डांबराच्या थरांमधली ती लांब पट्टी असते ना, चाक धरून ओढणारी, त्याच्यावरून ही निवांत जाते. पावसाळ्यात शेतरस्त्याला मात्र काही इलाज नाही. काळं रान एकदा भिजलं की चिखल टायर आणि मडगार्डच्या मधी असा बसतो की चाक फिरायचंच बंद होतं, मग बांधावरची तुराटी घ्यायची अन् उकरत बसायचं, चार पावलं पुढं की परत तेच. त्यात गाडीचा दोष नाही, ट्रॅक्टर पण अडकतात तिथं.

सीट 835 मिमी उंच आहे. मी पाच फूट सातचा, दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत, चवड्यावर काम भागतं, लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या गर्दीत सुरुवातीला घाम फुटायचा, आता सवय झाली. आईला बसवायचं तर गाडी ओट्याला लावावी लागते. बायको मात्र तुळजापूरपर्यंत न उतरता आली आणि परत येताना काही बोलली नाही, म्हणजे मागची सीट बरी असावी.

इंजिन ऑइल कूल्ड, म्हणजे ऑइलनंच थंड होणारं, पाण्याचा रेडिएटर नाहीच, त्यामुळं कूलंटची भानगड नाही. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसला दुपारी चालवलीय, सिग्नलला पायाला गरम लागतं, पण हायवेला लागली की काही नाही. मायलेज पस्तीसच्या आसपास, अंगात आलं अन् हाणली तर तिशीत येतं. टाकी 12 लिटरची, म्हणजे निवांत चालवली तर साडेतीनशे किलोमीटर पंपाकडं बघायचं काम नाही.

रात्रीच्या प्रवासाबद्दल जरा जास्त सांगतो, कारण आपल्याकडं ऊसाचा सीझन म्हणजे वेगळाच विषय. डबल ट्रॉली, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूनं बाहेर आलेला, आणि समोरच्या गाडीच्या अप्परमध्ये आपल्याला काहीच दिसत नाही. गाडीचा एलईडी शहरात पुरतो, पण मी फॉग लाईट वेगळे बसवले, पिवळे, अन् डिसेंबरमध्ये मुरूडकडून येताना त्यांच्यामुळंच बंद पडलेली ट्रॉली वेळेत दिसली. तरी पण नोव्हेंबर ते मार्च अंधार पडल्यावर मी निघतच नाही, लाईट कितीबी लावा.

सामानाला सॅडल बॅग आहेत. त्याचा स्टे, म्हणजे बॅग अडकवायची लोखंडी फ्रेम, एका लोकल फॅब्रिकेटरकडून करून घेतला होता, स्वस्तात, अन् आंबा घाटात वेल्डिंग सुटलं, बॅग सायलेन्सरला टेकायच्या आत दिसलं म्हणून वाचलो, उरलेला घाट रबरी ट्यूबनं बांधून उतरलो. स्टे घेताना उजव्या बाजूला सायलेन्सरपासून अंतर किती राहतं ते आधी बघा, दिसायला कसा आहे ते नंतर.

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) बंद करता येत नाही आणि चाकं अलॉयची आहेत, तेव्हा डोंगरात उड्या मारणाऱ्यांनी दुसरं काहीतरी बघावं. मागचा टायर आता गोटा व्हायला आलाय, पुढचा अजून बराच चालेल. पावसाच्या आधी मागचा बदलणार आहे, 140/70-17 साईजमध्ये काळ्या मातीत त्यातल्या त्यात बरा चालणारा कुणी वापरला असेल तर सांगा.