आशियाई सीमासंघर्षांवरचा जाडजूड ग्रंथ, ई-आवृत्ती: मजकूर अव्वल, नकाशांनी घात केला

ग्रंथाच्या मजकुराबद्दल पुष्कळ लिहून झालंय, त्यात पडत नाही. अफगाण सीमेवरच्या ड्युरँड रेषेपासून दक्षिण चीन समुद्रापर्यंत सगळं एकाच खंडात आहे, करारांची कलमं परिशिष्टात, टिपा भरघोस. माझं भांडण नकाशांशी आहे. एवढ्या पानांत मोजके नकाशे, त्याचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. पण सीमावादात निम्मा युक्तिवाद नकाशावरच चालतो. १९५३ च्या कोरियन युद्धबंदी कराराचा दुसरा खंड तर निव्वळ नकाशांचा आहे.

भारत आणि तिबेट यांच्यामधल्या ईशान्येकडच्या मॅकमहोन रेषेचंच घ्या. मार्च १९१४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रतिनिधी मॅकमहोन आणि तिबेटचे प्रतिनिधी लोंचेन शात्रा यांनी मान्य केलेली ही रेषा एका इंचाला आठ मैल या प्रमाणाच्या नकाशावर काढलेली होती. म्हणजे साधारण १:५,०७,०००. त्या कागदावर एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर अर्धा किलोमीटर झाकते. ई-आवृत्तीत तोच नकाशा फोनच्या पडद्यावर सहा सेंटिमीटरांत कोंबलाय. रेषेच्या दोन टोकांमधलं सरळ अंतरच सहाशे किलोमीटरांच्या वर, तेव्हा इथे एक मिलिमीटर म्हणजे दहा किलोमीटरांहून जास्त. आता १९६२ च्या भारत-चीन युद्धाकडे या. याच रेषेच्या पश्चिम टोकाजवळच्या थागला कड्याचा वाद हा नकाशातली रेघ आणि प्रत्यक्षातला जलविभाजक (दोन बाजूंना पाणी वाटून देणारा डोंगरमाथा) यांच्यामधल्या काही किलोमीटरांचा. भारताचं म्हणणं, रेषा कड्यावरून जाते. चीनचं म्हणणं, नकाशात काढलीय तिथून, म्हणजे कड्याच्या दक्षिणेकडून. नमका चू नदी या दोन्हींच्या अधेमधे. प्रकरणात हे सगळं नीट उलगडून सांगितलंय आणि शेजारच्या नकाशात ते अख्खं रेघेच्या जाडीखाली गडप!

दोन बोटांनी मोठा करून बघा, अक्षरं फुटतात. चित्र दाबून हलकं केलेलं आहे, त्यात तपशील उरलेलाच नाही. दुपानी नकाशे मधोमध कापून दोन वेगळ्या पानांवर टाकलेत आणि शिवणीतली पट्टी गायब आहे. प्रमाण 'इंचाला इतके मैल' असं शब्दांत दिलंय, ते पडद्यावर निरर्थक. प्रमाणपट्टी छापली असती तर चित्राबरोबर तीही लहानमोठी झाली असती. ई-इंक वाचनयंत्रावर आणखी पंचाईत: लाल दाव्याची रेषा आणि निळी ताब्याची रेषा, दोन्ही एकाच राखाडी रंगाच्या. तुटक रेघ, ठिपक्यांची रेघ असा फरक ठेवला असता तर खर्च काय वाढणार होता?

टॅबलेटवर उघडल्यावर मत जरा मवाळ झालं, पण ते नकाशांमुळे नव्हे, टिपांमुळे. आकड्यावर बोट ठेवलं की कराराचं कलम तिथेच उघडतं. सियाचिनचं प्रकरण असं वाचायला फार मजा येते. भारत-पाकिस्तानच्या २७ जुलै १९४९ च्या कराची करारात युद्धबंदी रेषा खोर या ठिकाणापर्यंत नेऊन पुढे 'तिथून उत्तरेला हिमनद्यांकडे' एवढ्यावर सोडून दिलीय. सिमला करारानंतर डिसेंबर १९७२ मध्ये नियंत्रण रेषा आखली, तीही एनजे ९८४२ या नकाशावरच्या बिंदूपाशी थांबली. पुढचं कुणी आखलंच नाही, आणि एप्रिल १९८४ मध्ये तिथे भारताचं सैन्य चढलं. दोन्ही कलमं समोरासमोर ठेवून वाचता येणं ही सोय छापील प्रतीत नाही. नकाशात मात्र त्या बिंदूपासून काराकोरम खिंडीपर्यंत तुटक रेघ आहे आणि ती कुणाची, याची सूची नाही. एकेकाळी काही अमेरिकी नकाशांत अशी रेघ असायची आणि पाकिस्तान ती पुढे करायचा. खुलाशाविना ती छापणं हा निष्काळजीपणा आहे.

शब्दसूचीतले दुवे मेलेले आहेत. शोध घ्यायचा तर चिनी नावं वेड-जाइल्स (रोमन लिपीत लिहायची जुनी पद्धत) आणि पिनयिन (आजची पद्धत) अशा दोन्ही स्पेलिंगनी टाका, कारण जुन्या तारांच्या उताऱ्यांत जुनी स्पेलिंगं तशीच ठेवली आहेत. एकाच स्पेलिंगवर विसंबलात तर निम्म्या नोंदी हातच्या जातील.

प्रकाशकाला कळवलं तर उत्तर ठरलेलं: फाइल काढून पुन्हा उतरवा. फाइलमध्येच खोट असल्यावर पुन्हा उतरवून काय डोंबल होणार?

नंतर सुधारित फाइल आली. थायलंड-कंबोडिया सीमेवरच्या प्रेह विहेअर मंदिराचा नकाशा आता स्वच्छ आहे, आणि तोच सर्वांत गरजेचा होता. फ्रान्स आणि सयाम (आजचा थायलंड) यांच्या १९०४ च्या तहात सीमा जलविभाजकावरून ठरली, पण फ्रेंच अधिकाऱ्यांनी बनवलेल्या १:२,००,००० च्या नकाशात मंदिर कंबोडियाच्या बाजूला गेलं. सयामने वर्षानुवर्षं हरकत घेतली नाही, आणि १५ जून १९६२ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ विरुद्ध ३ मतांनी मंदिर कंबोडियाला दिलं. नकाशाने तहावर मात केली ती कशी, हे आता बघता येतं. बाकीचे दुपानी नकाशे अजून कापलेलेच.

घ्यायचीच तर मोठ्या रंगीत पडद्यासाठी घ्या आणि प्रेह विहेअरचा निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून शेजारी ठेवा. भारताच्या ईशान्य सीमेवर अभ्यास करणाऱ्यांनी छापीलच घ्यावी, वापरलेली मिळाली तरी चालेल. फक्त मधले दुपानी नकाशे कुणी फाडून नेलेले नाहीत ना, एवढं आधी विचारा.