हिल्व्हर्सम सायकलवर : स्टुडिओंची वाट की माळरानाची?

युरोपातल्या जुन्या रेडिओंच्या काचपट्टीवर लंडन, पॅरिसच्या ओळीत हिल्व्हर्सम हेही नाव छापलेलं असायचं. अ‍ॅमस्टरडॅमहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत पोचता येणारं हे नेदरलँड्सचं आकाशवाणी-दूरदर्शनचं गाव. इथे सायकल चालवायला एकच दिवस असेल, तर दोन वाटा समोर येतात.

पहिली वाट गावातली, दहा किलोमीटरच्या आतली. इथे 1918 मध्ये रेडिओयंत्रांचा कारखाना निघाला आणि 1923 मध्ये प्रसारण सुरू झालं. त्या काळचा डच समाज कप्प्याकप्प्यांत राहायचा. कॅथलिकांची प्रसारणसंस्था केआरओ, प्रोटेस्टंटांची एनसीआरव्ही, कामगार चळवळीची व्हारा, शिवाय सर्वसाधारण श्रोत्यांची आव्ह्रो. प्रत्येकीने आपापला स्टुडिओ बांधला. म्हणून हा वारसा एका आवारात मावत नाही, झाडीतल्या बंगल्यांच्या गल्ल्यांमधून विखुरला आहे. पायी फिरलात तर दमछाक होते, गाडीतून काहीच दिसत नाही. सायकलला मात्र हे अंतर अगदी बेताचं आहे.

याच वाटेवर डुडॉक या वास्तुकाराचं 1931 मध्ये पूर्ण झालेलं नगरभवन आहे. फिकट पिवळी वीट, उंच मनोरा, समोर पाणी. इथे सायकल लावून पूर्ण फेरी मारा, कारण प्रत्येक बाजूने इमारत वेगळी दिसते. शेवटी मीडिया पार्कमधलं ‘बेल्ड एन खेलाउड’, म्हणजे चित्र आणि ध्वनी यांचं संग्रहालय. बाहेरच्या रंगीत काचांवर दूरदर्शनवरची चित्रं उमटवली आहेत. निम्मी इमारत जमिनीखाली आहे आणि ध्वनिफिती, चित्रफिती तिथेच जपल्या आहेत. इथे दोन तास सहज जातात.

दुसरी वाट माळरानाची, वीस-पंचवीस किलोमीटरची. ऑगस्टच्या उत्तरार्धात हीदरची झुडपं फुलून माळ जांभळा होतो. तेव्हा गेलात तर मी हीच वाट धरायला सांगेन. इतर महिन्यांत तो तपकिरी, शांत असतो. ज्यांना इतिहासासाठी यायचंय त्यांना तो एकसुरी वाटेल. दक्षिणेला झॉनेस्ट्राल हे 1928 मध्ये उघडलेलं क्षयरोग्यांचं आरोग्यधाम लागतं. काच आणि काँक्रीटची ही वास्तू अ‍ॅमस्टरडॅमच्या हिरेकामगारांनी उभारली. हिऱ्याला पैलू पाडताना तो धरायला तांब्याच्या दांड्या लागत, त्यांची मोड विकून निधीची सुरुवात झाली. एवढ्यासाठीसुद्धा वाट वाकडी करावी, असं मला मनापासून वाटतं.

रस्त्याची काळजी दोन्हीकडे कमीच. गावात लालसर सायकलपट्टे आहेत, माळावर क्रमांकांच्या खांबांनी वाट कळते. पुढचे चार-पाच क्रमांक कागदावर लिहून घेतले की झालं. गावात एक खूण मात्र पक्की लक्षात ठेवा : रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या त्रिकोणांची टोकं तुमच्याकडे असतील, तर आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याला आधी वाट द्यायची. खूणच नसेल तर उजवीकडून येणारा आधी जातो.

सायकलचं म्हणाल तर स्थानकावरची ओव्ही-फीट्स ही भाड्याची सायकल आधी नोंदणी केलेल्यांसाठी सोयीची. थोड्या दिवसांच्या पाहुण्याने दुकानातून भाड्याने घ्यावी. साध्या डच सायकलीला बहुधा मागे पॅडल मारलं की ब्रेक लागतो. सवय नसेल तर आधी मोकळ्या गल्लीत दहा मिनिटं चालवून पाहा. गावासाठी ती पुरते. माळासाठी गिअरची मागा, कारण हा भाग वाळूच्या उंचवट्यांवर वसलाय आणि उघड्यावर वारा समोरून येतो.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने गावातली वाट धरावी. जोडीला माळाची चव हवी असेल, तर संग्रहालयातून उत्तरेला क्रायलोच्या निसर्गपुलाकडे वळा. 2006 मध्ये प्राण्यांसाठी बांधलेला हा पूल सुमारे 800 मीटर लांब आहे आणि त्यावरून सायकलची वाटही जाते. खालून अ‍ॅमस्टरडॅमच्या गाड्या धावत असतात, वर झाडी असते. तिथवर जाऊन संध्याकाळी स्थानकावर परतायला वेळ पुरतो.