दहावीला लेखनिक घ्यावा की नुसता जादा वेळ?

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र हातात पडलं की शाळेतून पहिला निरोप येतो तो लेखनिक, म्हणजे मुलाने सांगितलेली उत्तरं परीक्षेत लिहून देणारा, शोधण्याचा. सोसायटीतली एखादी नववीतली मुलगी बघून ठेवा, आपण मंडळाकडे अर्ज पाठवू, झालं काम. माझं मत वेगळं आहे. डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण) किंवा डिसग्राफिया (लेखनाची अडचण) असलेल्या बऱ्याच मुलांना सगळ्या विषयांना लेखनिक लागत नाही. काही विषयांत तर लेखनिकापायी गुण जातात.

आधी एक गैरसमज दूर करू. लेखनिक घेतला तरच जादा वेळ मिळतो, असं पुष्कळ पालक धरून चालतात. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तासामागे किमान 20 मिनिटं धरली आहेत आणि लेखनिक न घेणाऱ्यालाही जादा वेळ देण्याची सोय आहे. म्हणजे तीन तासांच्या भाषेच्या पेपरला एक तास, दोन तासांच्या गणित भाग 1 ला 40 मिनिटं. तेव्हा वेळेचा प्रश्न बाजूला ठेवा. त्या वेळात आपल्या मुलाने स्वतः लिहायचं की दुसऱ्याला सांगायचं, एवढंच ठरवायचं आहे.

इतिहास-राज्यशास्त्रात लेखनिकाला तोड नाही. ‘कारणे सांगा’ला तोंडी पाच मुद्दे घडाघडा सांगणारा मुलगा कागदावर दीड ओळ लिहून थांबतो. तिथे हाताचा अडथळा गेला की उत्तर पूर्ण उतरतं. भाषेच्या पेपरला ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती जाते, पण सवय नसेल तर निबंध गप्पा मारल्यासारखा होतो: ना परिच्छेद, ना शेवट.

गणितात मात्र सांभाळून. दहावीच्या मुलाचा लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो; वर्गसमीकरणं त्याने अजून पाहिलेलीच नसतात. आपला मुलगा सांगतो, ‘उणे बी, अधिक-उणे, वर्गमुळात बी वर्ग उणे चार ए सी, भागिले दोन ए’. लेखनिक भागाकाराची रेघ फक्त वर्गमुळाखाली ओढतो, ‘उणे बी’ बाहेर राहतो. सूत्र मुलाला पाठ होतं, कागदावर चुकीचं आलं. हे टाळायला ‘पूर्ण ओळीखाली रेघ मार’ असं सांगायची सवय लागते आणि ती आठवडाभरात लागत नाही. भूमितीची रचना तर सांगून काढून घेणं म्हणजे शिक्षाच. अक्षर जेमतेम वाचता येत असेल, तरी गणित मुलाने स्वतः जादा वेळ घेऊन सोडवावं, असं मी सुचवेन. विषयवार लेखनिक चालेल का, हे अर्ज भरतानाच शाळेमार्फत विभागीय मंडळाला विचारून लेखी घ्या.

मुलाचा स्वभावही बघा. बुजरा मुलगा लेखनिकाला ‘खोड, परत लिही’ म्हणतच नाही. समोरची मुलगी हुशार असली की तिने लिहिलंय ते बरोबरच असणार, असं धरून पुढे जातो. अशा मुलाला नववीपासून घटक चाचण्या लेखनिकासोबत देऊ द्या, नाहीतर लेखनिकाचा नाद सोडा. ज्याचं वाचन संथ आहे पण त्याने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येतं, त्याची खरी अडचण प्रश्न वाचण्याची असते; त्याला जादा वेळ आणि प्रश्न वाचून दाखवणारा वाचक पुरे होतो. आणि ज्याचा हात एका पानानंतर दुखून येतो, त्याच्या बाबतीत घोळ घालत बसू नका, लेखनिक घ्या.

ठरत नसेल तर घरीच पाहा. जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक मोठा प्रश्न मुलाला स्वतः लिहू द्या. तितक्याच अवघड दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नववीतल्या कुणाला तरी सांगू द्या. मग दोन्ही कागद मुलाचं अक्षर न ओळखणाऱ्या शिक्षकांकडून तपासून घ्या. फरक एखाद्या गुणाचा असेल तर लेखनिकाची यातायात कशाला?

काही शाळा गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घेण्याची सवलत पुढे करतात. अकरावी विज्ञान किंवा पॉलिटेक्निक डोक्यात असेल तर त्यावर सही करण्याआधी दहादा विचार करा.

काहीही निवडा, मंजुरीचं पत्र रोज मुलाच्या पॅडला लावलेलं हवं. नीट 2021 मध्ये अवनी प्रकाश या विद्यार्थिनीला डिसग्राफिया असूनही केंद्रावर जादा वेळ मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, फेरपरीक्षा मात्र दिली नाही. अपंगत्व 40 टक्क्यांपेक्षा कमी भरलं म्हणून लेखनिक नाकारत असतील, तर त्याच न्यायालयाचा फेब्रुवारी 2021 चा विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी हा निकाल दाखवा. विकाश कुमार यांना रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा आजार, होता आणि लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अट न्यायालयाने मानली नाही.

लेखनिकच ठरला, तर मंजुरी घेतानाच दुसऱ्या मुलाचंही नाव देता येतं का ते विचारा. ऐन परीक्षेत नववीतल्या मुलालाही ताप येतो.